घर जुनं, बिऱ्हाड नवं

जुन्या इंग्रजी सायकलींच्या मागच्या चाकाचा हब जरा फुगीर असतो. चिंधीनं पुसला की त्यावर ठोकलेली बारीक अक्षरं दिसू लागतात. ‘स्टर्मी-आर्चर’, मग ‘एडब्ल्यू’, मग ‘मेड इन इंग्लंड’ आणि दोन आकडे. ते ५८ आणि ३ असतील, तर तो हब १९५८च्या मार्चमध्ये नॉटिंगहॅमच्या कारखान्यातून निघाला. सायकली जमवणारे लोक या आकड्यांवरून सगळ्या सायकलचं वय सांगतात. पण आकडा ठोकलेला आहे तो बाहेरच्या कवचावर. आतलं यंत्र १९३८चं असू शकतं, १९७६चं असू शकतं, किंवा या शतकात तैवानमध्ये बनलेलंही असू शकतं. बाहेरून कळायला मार्ग नाही.

पोथीच्या शेवटी नकलकारानं घातलेला शक त्या नकलेचा असतो, मजकुराचा नसतो, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवतात. एकनाथांनी शके १५०६मध्ये शुद्ध केलेली ज्ञानेश्वरी वाचताना आपण नेमकी कुठल्या शतकातली मराठी वाचतो आहोत, हा प्रश्न ज्याला पडलेला आहे त्याला या हबची गोष्ट फारशी परकी वाटणार नाही.

मी या विषयाकडे वळले ती भाषांतराच्या वाटेनं. ॲलन सिलिटो यांच्या १९५८च्या ‘सॅटरडे नाइट अँड संडे मॉर्निंग’ या कादंबरीतली काही पानं मराठीत आणत होते. नायक नॉटिंगहॅमच्या सायकल कारखान्यात लेथवर काम करतो. मजुरी नगावर. एकच भाग, त्याच मापाचा, दिवसभर. सिलिटो स्वतः पोरवयात रॅले कंपनीच्या कारखान्यात कामाला होते, त्यामुळे तो कंटाळा ऐकीव नाही. भाषांतर करताना माझ्या डोक्यात एक साधा प्रश्न अडकला. या माणसानं कापलेले हजारो तुकडे गेले कुठे? उत्तर शोधता शोधता मी हबच्या आत जाऊन पोचले. ते तुकडे अजून फिरताहेत. आणि फिरू शकतात ते त्या कंटाळ्यामुळेच. १९५८चा तुकडा १९३८च्या शेजारी विनातक्रार बसतो, कारण कुणीतरी दिवसच्या दिवस माप चुकू दिलं नाही.

मात्र या हबच्या नावातच एक तुकडा बदललेला आहे. १९०२मध्ये रॅलेचे मालक फ्रँक बाउडन यांनी तीन गिअरच्या हबचा धंदा उभा करायला घेतला. हेन्री स्टर्मी हे सायकल-पत्रकार, ‘द ऑटोकार’ या मोटारींच्या नियतकालिकाचे पहिले संपादक. त्यांच्याकडे स्वतःचा आराखडा होता. दुसरा आराखडा जेम्स आर्चर यांच्या नावावर होता. पण तो आर्चर यांचा नव्हता. सॅल्फर्डचे विल्यम रायली यांनी त्याआधी दोन गिअरचा हब काढला होता आणि त्या व्यवहारात आपल्या पुढच्या शोधांचे हक्कही लिहून दिले होते. म्हणून तीन गिअरच्या हबचं पेटंट त्यांच्या सहकाऱ्याच्या, म्हणजे आर्चरच्या, नावानं घेतलं गेलं. बाजारात आलेला पहिला हब मुख्यतः रायलींच्या कल्पनेवर बेतलेला होता. कवचावर नावं आली ती स्टर्मी आणि आर्चर यांची. टोनी हॅडलंड यांच्या १९८७च्या पुस्तकानं ही हकिगत पुढे आणली. भाषांतरकाराला अशा हकिगतीत नको तितका रस असतो, हे मान्य.

हबच्या आतली चाकं ज्या पद्धतीनं फिरतात तिला इंग्रजीत सूर्य आणि ग्रह म्हणतात. तिचीही कथा अशीच आहे. वाफेच्या इंजिनासाठी जेम्स वॉट यांनी १७८१मध्ये तिचं पेटंट घेतलं. कल्पना मात्र त्यांच्या हाताखालच्या विल्यम मर्डॉक यांची, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं.

आता आत शिरू. एडब्ल्यू हा हब १९३६मध्ये आला, आणि जगात ‘तीन गिअरची सायकल’ म्हटल्यावर अनेक देशांत हाच हब डोळ्यांपुढे येऊ लागला. मधला दांडा, म्हणजे ॲक्सल, दोन्ही बाजूंनी नटांनी आवळलेला. तो फिरत नाही. त्या दांड्यावरच वीस दात कापलेले आहेत. हा सूर्य. त्याच्याभोवती वीस-वीस दातांची चार चाकं एका पिंजऱ्यात बसवलेली, हे ग्रह. त्यांच्या बाहेरून एक कडं, ज्याला आतल्या अंगानं साठ दात. पिंजरा फिरवला तर कडं त्याच्यापेक्षा एक तृतीयांश जास्त वेगानं फिरतं. कडं फिरवलं तर पिंजरा त्याच्या पाऊणपट वेगानं फिरतो. एवढ्या एका बेरजेतून तीन गिअर निघतात. चेनकडून आलेली ताकद पिंजऱ्याला द्यायची की कड्याला, आणि चाकानं ती कड्याकडून घ्यायची की पिंजऱ्याकडून, एवढंच ठरवायचं.

ते ठरवतो क्लच. फुलीच्या आकाराचा हा तुकडा ॲक्सलवरून डावी-उजवीकडे सरकतो. हँडलवरच्या खटक्यापासून आलेली तार ॲक्सलच्या टोकातून निघालेली एक बारीक साखळी ओढते, साखळी क्लचला ओढते. तार पूर्ण सैल असेल तर आतली स्प्रिंग क्लचला ग्रहांच्या खुंट्यांवर नेऊन बसवते, हा सगळ्यांत वेगवान गिअर. थोडी ओढली की क्लच कड्यात अडकतो. हा मधला, सरळ. पूर्ण ओढली की क्लच कड्यावरचे पॉल दाबून निकामी करतो आणि चाक पिंजऱ्याच्या मंद वेगानं चालतं, हा चढाचा. पॉल म्हणजे एका दिशेनं अडणारी आणि दुसऱ्या दिशेनं घसरणारी छोटी जीभ. साध्या फ्रीव्हीलमध्येही ती असतेच. हिंदीभाषक मिस्त्री तिला ‘कुत्ता’ म्हणतात. या नावाहून चांगला शब्द मला अजून सापडलेला नाही. मधल्या आणि वेगवान गिअरमध्ये पिंजऱ्यावरचे हे कुत्रे कवचाच्या दातांवरून घसरत राहतात, म्हणून सायकल टिकटिकते. चढाच्या गिअरमध्ये गप्प होते.

एवढं सगळं हाताच्या मुठीत मावतं, आणि हबच्या उजव्या बाजूनं अख्खंच्या अख्खं बाहेर काढता येतं. अदलाबदलीचं मूळ इथे आहे. कवच चाकाला तारांनी बांधलेलं असतं. विलायतेत मागच्या चाकाला चाळीस तारा आणि पुढच्याला बत्तीस, असा रिवाज होता. तो आपल्याकडेही आला आणि टिकला. दूधवाल्याच्या काळ्या अठ्ठावीस इंची सायकलच्या तारा मोजून पाहा. आतलं यंत्र बिघडलं म्हणून कवच बदलायचं, तर चाळीस तारा सोडा, पुन्हा विणा आणि चाकाचा आउट काढत बसा. तेवढ्यापेक्षा घर तसंच ठेवून बिऱ्हाड बदलणं सोपं. इंग्लंडात सायकलवाल्यांनी अनेक दशकं हेच केलं. एका गंजक्या सायकलचं यंत्र काढून दुसरीत घालायचं, वर्षं जुळताहेत का याची फिकीर न करता.

माझ्यापुढे पहिल्यांदा असा हब उघडला गेला तो कोलकात्यात, एका फुटपाथवरच्या मिस्त्रीकडे. मी त्यांना ‘दादा’ म्हणत होते, ते मला ‘दिदी’. त्यांनी आयुष्यात तीन गिअरचा हब खोललेला नव्हता. आश्चर्य नाही. आसनसोलला सेन-रॅले आणि मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स असे विलायती भागीदारीचे कारखाने स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच वर्षांत उभे राहिले खरे, पण आपल्या रस्त्यांवर चालली ती बिनगिअरची दणकट सायकल. दादांनी हबकडे दोन मिनिटं पाहिलं, उजव्या बाजूच्या कड्यातल्या खाचेत पंच टेकवला आणि हातोडीचा ठोका दिला. आतलं यंत्र बाहेर आल्यावर त्यांनी पॉलवर बोट ठेवून ‘कुत्ता’ म्हटलं, आणि मग त्यांना काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

त्या कवचावर १९५८ होतं. पण चेनचं दातेरी चक्र ज्या भागावर बसतं, तो ड्रायव्हर, आट्यांचा निघाला. म्हणजे चक्र त्यावर फिरवून घट्ट करायचं. स्टर्मी-आर्चरनं ही पद्धत १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला सोडली. त्यानंतर चक्राला आतून तीन उंचवटे, ड्रायव्हरला तीन खाचा आणि वरून तारेची एक गोल क्लिप, अशी सुटसुटीत रचना आली. तेव्हा आतलं यंत्र, निदान त्याचा तो भाग, कवचापेक्षा वयानं मोठा होता. कुणीतरी केव्हातरी बिऱ्हाड हलवलं होतं. जुन्या यंत्रात नवा ड्रायव्हरही बसतो, आणि बऱ्याच लोकांनी तो बसवलाही, कारण आट्यांची चक्रं मिळेनाशी झाली. या यंत्रात तेही झालं नव्हतं.

इतकी वर्षं मापं न बदलणं हा निव्वळ आळस नव्हता. कंपनीनं बदल करून पाहिला होता. १९५०च्या दशकाच्या मध्यात एसडब्ल्यू नावाचा हब आला. भाग कमी, बनवायला स्वस्त, पॉलना स्प्रिंगच नाही. चंद्रकोरीसारखे पॉल आपोआप जागेवर जातील असा हिशेब. ते नेहमी जात नसत. पाय जोरात मारावा आणि गिअर सुटावा, असा त्याचा लौकिक झाला. काही वर्षांतच तो मागे घेतला गेला आणि एडब्ल्यू चालू राहिला. ज्यांच्या चाकात एडब्ल्यू होता, त्यांना वीस वर्षांपूर्वीचा तुकडाही चालत होता आणि पुढच्या वीस वर्षांतलाही. एसडब्ल्यू घेतलेला माणूस एकटा पडला. सुधारणा म्हणून ज्याला नवं यंत्र विकलं, त्याचंच यंत्र दुरुस्तीला महाग झालं.

याच्या उलट गंमत चार गिअरच्या हबमध्ये आहे. एफडब्ल्यू हा हब दुसऱ्या महायुद्धानंतरचा. त्यात एकाऐवजी दोन सूर्य आहेत, लहान आणि मोठा, आणि एकच तार आधी क्लच आणि मग सूर्य असं ओळीनं हलवते. मोठा सूर्य वापरात येतो तो फक्त सगळ्यांत मंद गिअरसाठी. पण तोच मोठा सूर्य वेगवान गिअरच्या वेळी लावता आला असता तर आणखी एक, पाचवा, गिअर मिळाला असता. तो हबमध्ये होताच, फक्त त्याच्यापर्यंत तार पोचत नव्हती. हौशी सायकलवाल्यांनी डाव्या बाजूनं दुसरी तार घालून तो मिळवला. १९६६मध्ये कंपनीचा स्वतःचा पाच गिअरचा एस-५ आला, त्यालाही दोन तारा होत्या. दोन्ही हबचे पहिले चार वेग तंतोतंत सारखे आहेत. पाचवा दीडपट.

मला इथे जुळणीचं निव्वळ कौतुक करून थांबायचं नाही, कारण एडब्ल्यूनं मापांबरोबर एक खोटही जशीच्या तशी जपली. क्लच कड्यातून निघून ग्रहांच्या खुंट्यांवर जाण्याआधी मध्ये थोडी रिकामी जागा आहे. त्या जागेत तो कशालाच अडकलेला नसतो. पेडल मोकळं फिरतं. तार नीट ताणलेली असेल तर हे कळतही नाही. पण तारा कालांतरानं सैल होतात. मधल्या गिअरमध्ये सीटवरून उठून, सगळं वजन पेडलवर टाकून कुणी चढ चढतो आहे आणि त्याच क्षणी क्लच त्या पोकळीत घसरला, तर पाय एकदम खाली जातो आणि माणूस आडव्या दांड्यावर आदळतो. यावर उपाय होता तो एवढाच, की मधल्या गिअरमध्ये साखळीच्या दांडीचं टोक ॲक्सलच्या टोकाशी बरोबर जुळलेलं आहे ना, हे उजव्या नटाच्या भोकातून डोकावून पाहावं आणि तार आवळावी. ज्यांना हे ठाऊक होतं त्यांची सायकल उत्तम चालली. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनी मार खाल्ला. जो गुण आपण वाखाणतो, म्हणजे कुठल्याही वर्षाचा तुकडा कुठल्याही वर्षाच्या शेजारी बसतो, त्याचीच ही दुसरी बाजू. क्लच बदलायचा तर कडं बदलावं लागलं असतं, आणि मग जुन्याला नवं लागलं नसतं.

२०००मध्ये रॅलेच्या मालकांनी स्टर्मी-आर्चर विकली आणि काही महिन्यांतच नव्या मालकांच्या हातात ती बुडाली. नॉटिंगहॅमच्या कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. यंत्रसामग्री, आराखडे आणि नाव तैवानच्या सनरेस कंपनीनं विकत घेतलं आणि उत्पादन तिकडे हलवलं. रॅलेनं २००२मध्ये नॉटिंगहॅममध्ये सायकली बनवणंही थांबवलं. जुन्या कारखान्याच्या जागेवर आज नॉटिंगहॅम विद्यापीठाचा जुबिली कॅम्पस आहे. सिलिटोंच्या नायकाचा लेथ जिथे असता, त्या परिसरात आता व्याख्यानं होतात. मी शिक्षणविरोधी नाही, तरी हे वाचून मला फार आनंद झाला नाही.

तैवानमध्ये पुढे जे घडलं ते मात्र नॉटिंगहॅमला साठ वर्षांत जमलं नव्हतं. मधल्या आणि वेगवान गिअरमधली ती पोकळी नव्या रचनेत काढून टाकली गेली. क्लच बदलला, कडं बदललं. तरीही बाहेरची बैठक अशी ठेवली, की नवं यंत्र अख्खं उचलून जुन्या इंग्रजी एडब्ल्यूच्या कवचात सहसा बसवता येतं. म्हणजे अदलाबदलीचा नियमच बदलला. पूर्वी तुकड्याला तुकडा जुळत असे. आता नवा क्लच जुन्या कड्याबरोबर चालत नाही. जुळतं ते पूर्ण बिऱ्हाड पूर्ण घराशी. इथे लोकांना थीसिअसच्या जहाजाची आठवण येते, पण ती उपमा नीट लागू पडत नाही. त्या जहाजाची प्रत्येक नवी फळी जुन्या फळीसारखीच असते. इथे नवी फळी मुद्दाम वेगळी केली आहे, जुनी पायात मोडत होती म्हणून.

ज्यांना हे करून पाहायचं आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगते, कारण घोटाळा नेहमी तिथेच होतो. उजव्या बाजूचं जे कडं हातोडीनं सोडवावं लागतं, ज्यावर छर्रे फिरतात, ते धड घराचंही नाही आणि धड बिऱ्हाडाचंही नाही. बाहेरून ते कवचाच्या आट्यांत बसतं, आतून त्याला पॉल अडायचे दात असतात. नव्या यंत्राबरोबर त्याचं स्वतःचं कडं मिळालं तर तेच वापरावं. जुनंच वापरायचं असेल, तर सोडवण्याआधी कडं आणि कवच या दोन्हींवर एक खूण करून ठेवावी. त्या आटीला दोन तोंडं आहेत. कडं दुसऱ्या तोंडातून शिरलं तर बसतं तेही घट्टच, पण आधी सरळ लावलेलं चाक किंचित वाकडं चालू शकतं, आणि मग तासभर तारांशी झटापट करूनही कारण कळत नाही. कोलकात्याच्या दादांनी ही खूण मी न सांगता केली होती, विटेच्या तुकड्यानं.

संग्राहकांना हे सगळं पसंत नाही. १९५८च्या कवचात १९५८चंच यंत्र हवं, पोकळीसकट, असं त्यांचं म्हणणं. प्रदर्शनात ठेवायची सायकल असेल तर माझी हरकत नाही. पण जिच्यावर रोज कुणीतरी चढ चढणार आहे, तिच्यात मी नवं यंत्र घालीन. काढलेलं जुनं यंत्र रॉकेलनं धुवावं, तेल लावून कागदात गुंडाळावं, आणि कवचावरचा आकडा व कुठल्या सायकलमधून निघालं ते चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी डब्यात टाकावी. सूर्य, ग्रह आणि पिंजरा सहजासहजी झिजत नाहीत. एखाद्याचा पॉल तुटला असेल, तर त्याला तो डबा उपयोगी पडेल.